मणका जुळला का, हे आधी पेशंटला विचारा

सत्तरीच्या आजी ओपीडीत आल्या त्या स्वतःच्या पायांनी. चार महिन्यांपूर्वी पाण्याची बादली उचलताना पाठीत कळ आली आणि बरगड्या संपतात तिथला एक मणका दबला. आता दुखणे जवळपास थांबले होते. पण मुलाचा चेहरा उतरलेला. हातात बाहेरून काढलेला तिसरा एमआरआय. ‘‘डॉक्टर, रिपोर्टमध्ये अजून सूज लिहिली आहे. हाड जुळलंच नाही का?’’

हाड जुळले होते. एमआरआयमध्ये दिसते ती हाडाच्या आतल्या मगजाची सूज. फ्रॅक्चर ताजे की जुने, नस दबली आहे का, मागे क्षयरोग किंवा कॅन्सर आहे का, हे ठरवायला सुरुवातीला ही तपासणी मोलाची. पण दुखणे थांबल्यावरही ती सूज कित्येक महिने दिसू शकते.

ठिसूळ हाडांमुळे दबलेला मणका साधारण ८ ते १२ आठवड्यांत जुळतो. त्यावर लक्ष ठेवायला बहुतेकदा पेशंटची तपासणी आणि साधा एक्स-रे पुरतो. मात्र पेशंटला उभे राहता येत असेल, तर तो उभे करून, बाजूने काढावा. आडवे झोपल्यावर मणक्यावरचा भार निघतो आणि तो किती दबतो ते झाकले जाते. नवी फिल्म जुनीशेजारी लावून मणक्याची उंची आणि पाठीचा बाक ताडून पाहावा. गेलेली उंची सहसा परत येत नाही. मणका चपटा दिसतो म्हणजे तो जुळला नाही, असे नव्हे. हाड सांधले का याबद्दल शंकाच असेल तर सीटी स्कॅन. त्यात किरणांचा मारा जास्त असतो.

दुखणे वाढत गेले, रात्री झोपेतून उठवू लागले, ताप आला, वजन घटले, तर पुन्हा एमआरआय हवाच. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

माझी तक्रार आहे ती आम्हा डॉक्टरांबद्दलच. समजावत बसण्यापेक्षा ‘पुन्हा एमआरआय’ लिहिणे सोपे जाते. सरकारी रुग्णालयात अशा प्रत्येक चिठ्ठीने रांगेतला खरा गरजू मागे पडतो. आजींचे तीन एमआरआय झाले. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी एकदाही नाही. बादली उचलताना मणका दबतो, तेव्हा हाडे ठिसूळ झाल्याचे निदान बहुधा तिथेच झालेले असते. अशा फ्रॅक्चरनंतर उपचार न झाल्यास पाचपैकी सुमारे एका स्त्रीचा वर्षभरात आणखी एक मणका दबतो. तरी केसपेपरवर होत्या फक्त वेदनाशामक आणि कॅल्शियमच्या गोळ्या. हाडे बळकट करणारे वर्षभराचे औषध तीन एमआरआयपेक्षा स्वस्तात आले असते.

मी चौथा एमआरआय लिहिला नाही. डेक्सा आणि रक्ततपासणी लिहिली, औषध ठरवले. मुलाला सांगितले, ‘‘जुळलेल्या मणक्याची काळजी सोडा. आता बाकीचे मणके सांभाळू या.’’