रोजची दया आणि ख्रिस्ती धर्म

कोणता धर्म श्रेष्ठ, हा वाद आमच्या देशांत शतकानुशतकें चालला आहे, व तो करणारांस कधीं दम लागल्याचें ऐकिवांत नाहीं. परंतु धर्माची परीक्षा त्याच्या ग्रंथांवरून करावी कीं अनुयायांच्या रोजच्या वागणुकीवरून, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. पंडिता रमाबाईंनीं तो विचारला होता. १८८३ सालीं त्या विलायतेस गेल्या, तेव्हां वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींचें लंडनमधील फुलहॅम येथें चालणारें एक गृह त्यांनीं पाहिलें. पतित म्हणून समाजानें टाकलेल्या स्त्रियांची तेथें मायेनें शुश्रूषा होत असे. अशा स्त्रियांच्या वांट्यास धिक्कारापलीकडे कांहीं येत नाहीं, अशा समाजांत वाढलेल्या या विदुषीनें, हें तुम्ही कां करतां, असें विचारलें. उत्तरादाखल शास्त्रार्थ झाला नाहीं. ख्रिस्त आणि शोमरोनी स्त्री यांची गोष्ट तिला सांगण्यांत आली.

ही गोष्ट आमच्या वाचकांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. यहुदी लोक शोमरोन्यांशीं भांड्याचाही व्यवहार ठेवीत नसत. असें असतां भर दुपारीं विहिरीवर थकून बसलेला ख्रिस्त त्या जातीच्या, आणि पांच नवरे झालेल्या, बाईजवळ प्यावयास पाणी मागतो! महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांनीं पाण्याची ओंजळ उचलली, त्या पाण्याचा व या पाण्याचा प्रश्न एकच आहे. येथें दया म्हणजे वरून खालीं टाकलेली भिक्षा नव्हे; देणारानें आधीं स्वतः हात पसरला आहे.

दयेच्या आडून बाटविण्याचा व्यापार चालतो, हा आक्षेप जुना आहे, आणि तो सर्वस्वीं निराधार आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. शारदासदनासंबंधें हाच वाद माजून १८९३ सालीं रानडे व भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनीं सल्लागार मंडळ सोडलें. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्य प्रांतांतून आणलेल्या उपाशी मुलींसाठीं रमाबाईंनीं केडगांवास जें केलें, त्याविषयीं मात्र टीकाकारांनाही आदरानें बोलावें लागतें. ख्रिस्ताचा दुसरा एक दाखला या वादांत फार उपयोगी आहे, व तो व्यापाऱ्यांनीं तर अवश्य पाहावा. लुटारूंनीं अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूस पाहून याजक बाजूनें निघून गेला, लेवीही गेला. शोमरोनी थांबला. त्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेंत नेलें, दोन दिनार मोजून दिले, अधिक खर्च झाल्यास परत येतांना फेडीन असें सांगितलें, आणि तो आपल्या वाटेनें गेला. बरा झाल्यावर तूं कोणता धर्म घेशील, असें त्यानें विचारलें नाहीं. व्याजाची आशा धरून केलेल्या दयेस सावकारी म्हणतात. या दाखल्यांत तिला जागा नाहीं.

आतां ख्रिस्ती मंडळींनीं हा दाखला स्वतःस लावून पाहावा. तामिळनाडूंतील कांहीं गांवीं दलित ख्रिस्ती माणसाच्या प्रेतासही आजतागायत निराळी दफनभूमि आहे. प्रभुभोजनाची एक भाकर वांटून खाणारा गृहस्थ घरीं मोलकरणीसाठीं फळीवर वेगळा कप ठेवतो. (हा कप हिंदु, जैन व मुसलमान घरांतही सांपडतो, सर्वधर्मसमभाव एवढ्यापुरता तरी पूर्ण झाला आहे.) धर्मादाय फंडास मोठी रक्कम देणें त्या मानानें सोपें; ती वर्षांतून एकदां द्यावी लागते, पावती मिळते व नांवही छापून येतें. मोलकरणीचा कप रोज विसळावा लागतो.

आमच्या व्यापारी वाचकांपैकीं जे ख्रिस्ती आहेत, त्यांस आमची सूचना एवढीच, कीं येत्या रविवारीं उपासनेहून परततांना आपल्या पेढीवरील हमालाचा पाण्याचा पेला कोणता, तो कोठें ठेवलेला असतो, आणि त्यांतून आपण स्वतः शेवटचें पाणी केव्हां प्यालों, याची चौकशी करावी. इतरांनीं रविवारची वाट पाहण्याचें कारण नाहीं.