‘तू तो घरकाच है’ हा करार नव्हे

आमच्या अर्धापूरला पाडवा आला की सालगडी ठरतो, बटई ठरते. खत कोणाचे, लाइटचे बिल कोण भरणार, केळीची पट्टी आली की पैसे कसे वाटायचे, हे चार माणसांत आधी बोलले जाते. शाळेची पायरी न चढलेला माणूससुद्धा हिस्सा ठरवल्याशिवाय दुसऱ्याच्या रानात राबत नाही. मी मात्र काळा कोट घालून नांदेडला एका ज्येष्ठ वकिलांच्या ऑफिसात नऊ वर्षे राबलो आणि बरीच वर्षे हिस्सा विचारलाच नाही. सातव्या वर्षी धीर करून विषय काढला. साहेब हसले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “हिस्सा कायका बेटा? तू तो घरकाच है.”

मला ते फार गोड वाटले. घरी येऊन अम्मीलाही सांगितले. दोन वर्षांनी साहेबांची तब्येत ढासळली, त्यांचा मुलगा पुण्याहून आला आणि पाटीवर त्याचे नाव चढले. ज्या पक्षकारांसाठी मी वर्षानुवर्षे तारखा केल्या, त्यांच्या फाइली साहेबांच्या कपाटात होत्या, वकालतनाम्यावर नाव साहेबांचे होते. मी माझी बॅग घेऊन बाहेर पडलो. त्या घरावर माझा राग नाही. साहेबांनीच मला उलटतपासणी शिकवली. चुकली ती माझी समजूत. इमानदारीने काम करत राहिलो की एक दिवस आपोआप शेजारच्या खुर्चीवर बसवतील, असे मी धरून चाललो होतो.

आज नांदेड, लातूर, परभणीहून लॉ शिकणारी मुले-मुली मला विचारतात, “सर, मोठ्या फर्ममध्ये पार्टनर व्हायला काय लागते?” बहुतेकांना पार्टनर म्हणजे वरची बढती वाटते, तहसीलमध्ये अव्वल कारकुनाचा नायब तहसीलदार व्हावा तशी. माझे म्हणणे असे की भागीदारी हा करार आहे. तो कमवावा लागतो, मागावा लागतो आणि लिहून घ्यावा लागतो. यातले एक राहिले तरी माणूस आयुष्यभर ‘घरकाच’ राहतो.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. भारतीय भागीदारी कायदा 1932 चा. त्याच्या कलम 4 नुसार नफा वाटून घेण्याचा करार हा भागीदारीचा गाभा आहे. कलम 12 नुसार प्रत्येक भागीदाराला फर्मच्या हिशेबाच्या वह्या पाहण्याचा, त्यांची नक्कल घेण्याचा हक्क आहे. कलम 13 सांगते की वेगळे काही ठरले नसेल तर नफा सारखा वाटायचा, तोटाही सारखाच. कलम 25 नुसार फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार स्वतःच्या खिशातून जबाबदार असतो. ही जबाबदारी मर्यादित करायची सोय 2008 च्या एलएलपी कायद्याने झाली, आणि अनेक वकिली फर्म आज त्या स्वरूपात चालतात. म्हणजे व्हिजिटिंग कार्डावर ‘पार्टनर’ छापले आहे, पण वह्या पाहता येत नाहीत आणि नफ्यात वाटा नाही, तर तुम्ही चांगल्या पगाराचे नोकर आहात. त्यात कमीपणा नाही, पण गैरसमज नको.

मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये पायऱ्या साधारण अशा असतात: असोसिएट, सीनियर असोसिएट, प्रिन्सिपल असोसिएट आणि मग पार्टनर. नावे फर्मप्रमाणे बदलतात. या वाटेला आठ-दहा वर्षे, कधी त्याहून जास्त लागतात. पार्टनरही दोन प्रकारचे. एकाला ठरलेली रक्कम मिळते, दुसऱ्याला नफ्यात वाटा मिळतो. या दुसऱ्याला इक्विटी पार्टनर म्हणतात. पहिली तीन-चार वर्षे मसुदा नेटका आहे का, काम वेळेत होते का, रात्री जागून केलेल्या कामात चूक राहत नाही ना, एवढेच पाहिले जाते. इथे आपली गावाकडची मुले मागे पडत नाहीत. मेहनतीला ती कमी नसतात.

अडचण पुढे येते. पाचव्या-सहाव्या वर्षी वरची माणसे वेगळा हिशेब करू लागतात. पक्षकार फोन कोणाला करतो? नवे काम कोणामुळे आले? हाताखालच्या पोरांना कोण शिकवते? हा माणूस उद्या गेला तर फर्मचे काय अडेल? तुमचे सगळे काम दुसऱ्याच्या पक्षकाराचे असेल तर या प्रश्नांना तुमच्याकडे उत्तर नसते. आणखी एक गोष्ट. भागीदार कोणाला करायचे हे ज्या बैठकीत ठरते, तिथे तुम्ही नसता. तिथे तुमच्या बाजूने बोलणारा एक तरी माणूस हवा. तो जोडायला दोन-तीन वर्षे लागतात, म्हणून ही तयारी शेवटच्या वर्षी करून भागत नाही.

आता आडनावाचा प्रश्न. तो खोटा नाही. मुंबईत ज्याला नाव ऐकून भाड्याचे घर नाकारले गेले आहे, त्याला ऑफिसात सगळे समान असतात हे पटवून देऊ नये. त्या बैठकीत बसणाऱ्यांत आपल्या ओळखीचे कोणी नसते, हेही खरे. पण माझा अनुभव लक्षात घ्या. माझे साहेब आपलेच होते. जुम्म्याला आम्ही एका सफेत उभे राहत होतो. म्हणजे ‘आपला माणूस’ ही हमी नाही. ज्याचे काका-मामा वकिलीत आहेत, त्याला न लिहिलेले नियम घरच्या दस्तरखानावरच कळतात. ज्याचे अब्बा केळीचे घड उतरवतात, त्याला ते कोण सांगणार? नियम जितके तोंडी, तितका बाहेरचा माणूस जास्त अडतो. म्हणून दर वर्षी विचारा: भागीदारीसाठी माझ्याकडून काय अपेक्षा आहे? आणि उत्तर ईमेलवर घ्या. संध्याकाळी स्वतःच चार ओळी लिहून पाठवा: “आज आपण बोललो त्यानुसार…” पुढे भेदभाव झालाच तर दाखवायला निदान कागद हातात असतो.

लिहून मागितले तर बेअदबी होईल, समोरच्यावर अविश्वास दिसेल, असे आपल्याकडे मानतात. मोठ्यांपुढे पैशाचा विषय काढायचा नाही, असा आपला अदब. त्यांना मी सूरह बकराची 282 वी आयत वाचायला सांगतो. कुरआनातली ही सर्वांत मोठी आयत, आणि ती आहे देण्याघेण्याच्या व्यवहाराबद्दल. रक्कम लहान असो की मोठी, मुदतीसह लिहायचा आळस करू नका, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत, असा तिचा आशय आहे. हनफी फिकहमध्ये शिर्कतचा एक प्रकार असाही आहे, ज्यात भांडवल लागत नाही. दोन कारागीर केवळ आपल्या मेहनतीवर शरीक होतात. जुन्या ग्रंथांत शिंप्यांचे उदाहरण येते. तिथेही वाटा आधी ठरलेला हवा. वकिलाचे भांडवल तरी दुसरे काय असते?

मग पक्षकार कसे जोडायचे? बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही आणि वकील नसलेल्या माणसाशी फी वाटून घेता येत नाही. म्हणजे केस आणून देणाऱ्या दलालाला हिस्सा देणे बंद. उरतो एकच मार्ग, एखाद्या कामात असे पक्के व्हायचे की लोकांनी शोधत यावे. मराठवाड्यातल्या मुस्लिम तरुणाकडे यासाठी एक वस्तू घरातच पडून आहे. निजामाच्या राज्यात दफ्तर उर्दूत होते. इनाम जमिनी, वक्फ, कूळ यांच्या खटल्यांत आजही मुंतखब आणि जुने उर्दू कागद निघतात. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी निजामकालीन दफ्तर तपासायला घेतले, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची किंमत सगळ्या मराठवाड्याला कळली. दादीकडून उर्दू शिकलेल्या पोराने महसूल कायदाही नीट शिकून घेतला, तर औरंगाबाद खंडपीठातले मोठे वकीलही त्याला फोन करतील. आपण मात्र उर्दू मदरशापुरती ठेवली आणि कायदा जामिनापुरता.

काम कुठून येते हे ओळखणारी माणसे आपल्याकडे पूर्वीही झाली. बदरुद्दीन तय्यबजी 1887 च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते, हे शाळेत शिकवतात. त्यांचे थोरले भाऊ कमरुद्दीन 1858 मध्ये इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले, तिथे सॉलिसिटर होणारे ते पहिले भारतीय, हे कमी जणांना ठाऊक असते. बदरुद्दीन 1867 मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईला आले. त्या काळी हायकोर्टाच्या मूळ शाखेत पक्षकार सॉलिसिटरकडे जाई आणि सॉलिसिटर बॅरिस्टरला काम देई. एका घरातल्या दोन भावांनी या साखळीच्या दोन्ही कड्या धरल्या. वडील व्यापारी होते, त्यामुळे पैशाची तंगी नव्हती, हेही सांगायला हवे. पण आज एकाच मोहल्ल्यात चार मुस्लिम वकील असतात, चौघांची चार टेबले, चार मुन्शी आणि चार ठिकाणी थकलेले भाडे. एक फौजदारी बघणारा, एक महसूल, एक मोटार अपघात, एक कौटुंबिक, अशी एक फर्म करावी, हे कोणाच्या मनात येत नाही.

जिल्हा कोर्टात लोक माणसाचे तोंड पाहून येतात, फर्मचे नाव पाहून नाही, असा यावर आक्षेप घेतात. खरे आहे. म्हणूनच तो माणूस गेला की ऑफिसही जाते. वकालतनाम्यावर दोन-तीन वकिलांची नावे घालता येतात. तिथून सुरुवात करा. भागीदारीच्या लेखात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: कोणाचा किती वाटा, खर्च आधी कसा वजा होणार, कोणी बाहेर पडले तर फाइली कोणाकडे जाणार, आणि कोणाचे निधन झाले तर काय. शेवटची गोष्ट अशुभ म्हणून टाळू नका. वेगळा करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते, असे कलम 42 म्हणते. शिवाय फर्मची नोंदणी करा. नोंदणी नसेल तर कलम 69 मुळे आपल्याच भागीदाराविरुद्ध करारातला हक्क मागायला कोर्टात जाता येत नाही. आणि फक्त ‘आपल्यातल्याच’ लोकांची फर्म करू नका. ज्याच्याशी हिशेब पटतो, तो शरीक. मग तो पाटील असो, कांबळे असो की सय्यद.

ज्युनियरचाही हिशेब लिहा. ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने नव्या वकिलांना शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत, अशी शिफारस केली. ती सक्ती नाही. आपल्या तालुक्याच्या कोर्टांत किती ज्युनियरना एवढे मिळतात, ते तुम्हीच विचारून बघा. रिक्षाचे पेट्रोल सुटत नाही म्हणून हुशार पोरे दोन वर्षांत कोट काढून ठेवतात. भागीदारीच्या वाटेवर पहिली गळती इथेच होते.

हे सगळे मी शहाणा म्हणून लिहीत नाही. माझ्या ऑफिसात अर्धापूरचीच एक मुलगी पाच वर्षांपासून काम करते. मुंतखब ती माझ्यापेक्षा चांगला वाचते. गेल्या रमजानच्या आधी तिने विचारले, “सर, कागद मी वाचते, पक्षकार मला फोन करतात, खंडपीठातल्या वकिलांशी मी बोलते. मग पाटीवर एकच नाव कसे?” आणि माझ्या तोंडून निघाले, “अरे बेटा, तू तो घरकीच है.”

बोललो आणि कानाला ऐकू आले. तिच्या जागी मुलगा असता तर मी हे पाच वर्षे टाळले असते का, हे त्या रात्री स्वतःला विचारले. लग्न होईल, जाईल, असे मी मनात धरून बसलो होतो. तिच्या घरच्यांनी तसे कधी म्हटले नव्हते, तिनेही नाही. आपल्याकडे मुलाला ऑफिस थाटून द्यायला बाप प्लॉट विकतो आणि मुलीची वकिली ‘स्थळ येईपर्यंत’ असते. या हिशेबात मीही सामील होतो.

आता लेखाचा मसुदा झाला आहे. नफ्यात तिचा वाटा किती, यावर दोन बैठका झाल्या, तिसरी या आठवड्यात आहे. सही करण्याआधी तिने मागच्या तीन वर्षांच्या हिशेबाच्या वह्या मागितल्या. कायद्याने हा हक्क भागीदाराचा आहे आणि ती अजून भागीदार नाही. मी वह्या काढून दिल्या. दुसऱ्या दिवशी तिने दोन चुका दाखवल्या, त्यातली एक माझ्या फायद्याची होती.