न जुळलेली नोंद

२०२१ च्या एप्रिलअखेर ताप आला म्हणून माझ्या धाकट्या मुलाला रुग्णालयात दाखल केले आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात तो गेला. वय वर्षे एकतीस. त्या दिवसांत महाराष्ट्रात अशी किती घरे होती हे वाचकांना सांगायला नको. हे वाचणाऱ्यांपैकीही एखाद्याचे असेल. रुग्णालयाविषयी माझी तक्रार नाही. तिथल्या परिचारिका पाय सुजेपर्यंत राबत होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

दफनाला आम्ही चौघेच होतो. पाळकसाहेब दूर उभे राहून प्रार्थना म्हणत होते. प्रार्थना झाल्यावर ते मला म्हणाले, ‘‘देवाला तो आपल्यापेक्षा जास्त हवा होता, म्हणून त्याने त्याला नेले.’’ माणूस भला. त्या महिन्यात त्यांनी किती खड्ड्यांवर उभे राहून प्रार्थना केल्या असतील, देव जाणे. थकलेल्या माणसाच्या तोंडी तयार वाक्य येते, तसे ते आले. पण ते वाक्य माझ्या मनात असे रुतून बसले की, टाळेबंदी उठून चर्चची दारे उघडली तरी मी आत गेलो नाही.

आमचे घराणे चार पिढ्यांचे ख्रिस्ती. मूळ अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. रविवारी सकाळी डोक्याला तेल चोपडून शब्बाथ शाळेत जायचे, नाताळात गव्हाणीचा देखावा मांडायचा, रात्री जेवणाआधी प्रार्थना, हे सारे माझ्या अंगात इतके मुरलेले की त्याला श्रद्धा म्हणतात हे मला फार उशिरा कळले. आता हिला दर रविवारी स्कूटरवरून चर्चपर्यंत सोडायचे आणि समोरच्या टपरीवर चहा घेत बसायचे, असा माझा क्रम सुरू झाला. ही आत, मी बाहेर. खिडकीतून ऑर्गनचे सूर येत. कोणते गीत आहे हे पहिल्या दोन सुरांतच कळे आणि ओठ आपोआप हलू लागत. मग मी दुसरा चहा मागवत असे.

चौतीस वर्षे बँकेत काढली. टपरीवर बसल्या बसल्या लक्षात आले की, माझी श्रद्धासुद्धा मी बँकेच्याच रीतीने सांभाळली होती. दरमहा उत्पन्नाचा दशांश चर्चला, रोजची प्रार्थना, कर्जदाराचा चहाही न घेण्याचा कडक नेम. हे सगळे आवर्ती ठेवीच्या हप्त्यांसारखे नियमित भरत आलो. मुदत संपल्यावर काय मिळावे याची मागणी कधी केली नव्हती, पण मनात एक रक्कम धरलेली होती. मुलाबाळांच्या आधी आपण जावे, एवढीच. ती मिळाली नाही म्हणताच ठेवीदार चवताळला. यात ख्रिस्ती असे काही नाही. नवस बोलणाऱ्याचा आणि माझा करार एकाच मसुद्याचा होता. फक्त मी त्यावर दुसरे नाव लिहिले होते.

पुढे एका रात्री झोप येईना म्हणून बायबलमधले ईयोबाचे पुस्तक काढून बसलो. हे पुस्तक ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ईयोब नावाचा एक सज्जन. त्याची गुरेढोरे, दहा मुले, शरीरस्वास्थ्य, सारे जाते. तीन मित्र त्याला भेटायला येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. एक शब्दही बोलत नाहीत. आठव्या दिवशी बोलू लागतात आणि सगळे बिघडते. तुझे काही चुकले असेल, देव अन्याय करीत नाही, पश्चात्ताप कर. ईयोब ऐकून घेत नाही. तो देवाला कोर्टात खेचायला निघतो, अशा थराची त्याची भाषा आहे. लहानपणी आम्हाला ईयोबाची सहनशीलता शिकवली होती. त्याचा संताप कुणी शिकवला नव्हता. शेवटी देव बोलतो. पण मुले का गेली, याचे उत्तर तो देत नाही. आणि रागावतो कुणावर? देवाची बाजू मांडणाऱ्या त्या मित्रांवर. माझ्याविषयी तुम्ही ईयोबासारखे खरे बोलला नाहीत, असे त्यांना ठणकावतो.

पहाटेचे साडेतीन वाजले होते. मी चष्मा काढून ठेवला. देवाची वकिली करणारा दोषी आणि देवाशी भांडणारा खरा, हे माझ्याच धर्मग्रंथात लिहिलेले होते आणि साठी उलटेपर्यंत मी ते वाचून न वाचल्यासारखे केले होते. मग स्तोत्रसंहिता उघडली. त्यातले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आमच्या उपासनेत वाचलेले मला तरी आठवत नाही. विलापाची बाकीची स्तोत्रे बहुधा शेवटी वळण घेतात, आशेवर येतात. हे येत नाही. अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. ज्यांनी हा ग्रंथ जमवला त्यांनी ते वगळले नाही, याचे मला त्या रात्री फार बरे वाटले. खुद्द येशू क्रूसावर जी आरोळी मारतो, तीही बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. देवाने टाकून दिल्याची तक्रार, आणि तीही देवाकडेच.

अशा वेळी मला पंडिता रमाबाईंची आठवण होणे साहजिक होते. नोकरीतली तीन वर्षे मी दौंडच्या बाजूला होतो. केडगावला कामानिमित्त जाणे होई. त्यांचे मुक्ती मिशन तिथेच. तेव्हा त्यांच्याकडे समाजसुधारक म्हणून पाहत होतो. आता त्यांच्या आयुष्यातल्या मृत्यूंची यादी केली, तर हात थबकला. दुष्काळाचे दिवस. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब तीर्थयात्रा करीत दक्षिणेत हिंडत होते. दागिने विकले, तांब्यापितळेची भांडी विकली, दाने दिली, उपास केले, देवळांत अनुष्ठाने केली. वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. सारे काही महिन्यांच्या आत. उरलेली दोघे भावंडे हजारो मैल पायी हिंडली. १८८० मध्ये तो भाऊही गेला. त्याच वर्षी लग्न झाले, पुढच्या वर्षी मुलगी झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेला. रमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या.

दुष्काळाने आईवडिलांच्या श्रद्धेवरचा आपला विश्वास ढासळवला, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण तिथेही मान तुकवून गप्प बसल्या नाहीत. ज्या भगिनींच्या आश्रयाला होत्या त्यांच्याशीच त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवरून पत्रांतून वाद घातले. पुढचे शारदा सदन, दुष्काळात मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून आणलेल्या शेकडो बायकामुली, हे सारे परिचित आहे. मला थांबायचे आहे ते १९२१ च्या जुलै महिन्यापाशी. त्या महिन्यात मनोरमा गेली. एकुलती एक मुलगी, चाळिशीची, आईच्या कामाची वारस. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या, कानांनी अधू, थकलेल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर चालवले होते. मुक्तीतल्याच बायका त्याचे खिळे जुळवून छपाई करीत. मनोरमा गेल्यावर रमाबाई त्या कामाकडे परत वळल्या. नऊ महिनेही झाले नाहीत तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या गेल्या. ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले.

इथे मला एक प्रश्न पडतो आणि तो मी टाळणार नाही. दुष्काळातल्या मृत्यूंनी ज्या बाईची एक श्रद्धा मोडली, तिची दुसरी श्रद्धा मनोरमेच्या मृत्यूने का मोडली नाही? आमच्यातले काही म्हणतील, ती खरी होती म्हणून. हे उत्तर मला घाईचे वाटते, आणि शेजारच्या घरावर अन्याय करणारेही. दुष्काळातच तुकोबांची पहिली बायको आणि मुलगा गेला होता. तुकोबांनी विठोबाला नाही नाही ते सुनावले, पण सोडले नाही. आमचे रेव्हरंड ना. वा. टिळक, आपण तुकारामांमुळे ख्रिस्ताकडे पोचलो असे सांगत. तेव्हा प्रश्न धर्माचा नसावा. माझा तर्क असा की, दुष्काळातल्या त्या मुलीपुढे श्रद्धा कराराच्या रूपात मांडली गेली होती : इतके अनुष्ठान, इतके फळ. त्रेसष्टाव्या वर्षीच्या रमाबाईंनी करार कधीच फाडून टाकला होता. त्यांच्या हातात उरले होते ते काम आणि ज्याच्याशी भांडता येते असा कुणीतरी. हा तर्कच आहे.

बँकेत एक सस्पेन्स खाते असते. दिवसअखेर एखादी रक्कम कुठे घालावी कळत नाही, व्हाउचर सापडत नाही, तेव्हा ती तिथे टाकतात. दिवस बंद होतो आणि दुसऱ्या दिवशी बँक उघडते. पण ती नोंद मिटवलेली नसते. दर वर्षी तपासनीस येऊन विचारतो, हे अजून का पडून आहे? शाखाधिकाऱ्याला खोटे कारण लिहून ती निकालात काढण्याचा मोह होतो. मलाही झाला होता, एका जुन्या नोंदीच्या बाबतीत. आमच्या हेड कॅशियरने हात धरला. ‘‘साहेब, कळलं नाही असं लिहा. कळलं असं लिहू नका.’’

हेच हेड कॅशियर. माळकरी, पंढरीचे वारकरी. मुलगा गेल्यावर कुणालाच घरी येता येत नव्हते. त्यांचा रोज रात्री नऊला फोन यायचा. ‘‘जेवलात का?’’ एवढेच विचारायचे. मी हो म्हणायचो. मग दोघेही थोडा वेळ फोन तसाच धरून बसायचो. कर्म, प्रारब्ध, देवाची इच्छा, यातला एकही शब्द त्यांनी उच्चारला नाही. चाळीस दिवस. ईयोबाचे मित्र सातव्या दिवसानंतर उठून गेले असते, तर त्यांचीही अशीच आठवण राहिली असती.

म्हणून आमच्या पाळकांना, आणि दुखवट्याला जाणाऱ्या सर्वांनाच, मला सांगावेसे वाटते की कारण सांगू नका. देवाच्या वतीने तर मुळीच सांगू नका. त्याने तुम्हाला वकीलपत्र दिलेले नाही.

राहिला पुनरुत्थानाचा प्रश्न. मेलेला मुलगा पुन्हा भेटेल, ही ख्रिस्ती आशा मी मानतो का? काही दिवशी मानतो, काही दिवशी नाही. मार्कच्या शुभवर्तमानात आजारी मुलाचा एक बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे आणि माझ्या अविश्वासालाही तूच हात दे. माझी प्रार्थना एवढीच उरली आहे. त्या बापाचा मुलगा बरा झाला, माझा झाला नाही. हा फरक मी विसरत नाही. थोमाला उठलेला येशू भेटला तेव्हा त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, हे मात्र मला अलीकडे महत्त्वाचे वाटते.

हिची श्रद्धा अभंग आहे असे मी धरून चाललो होतो आणि खरे सांगायचे तर थोडा चिडूनही होतो. २०२२ च्या पावसाळ्यात एका शनिवारी हिचा घसा बसला. मला म्हणाली, ‘‘अहो, उद्या शब्बाथ शाळेचा माझा वर्ग तुम्ही घ्या.’’ तो वर्ग मुळात धाकट्याचा. मी म्हटले, ‘‘मला जमणार नाही. तुझा विश्वास आहे, तुला जमतं.’’

ती माझ्याकडे बघतच राहिली. ‘‘विश्वास? मला कुठे काय कळतंय? चर्च उघडलं त्या रविवारी सात पोरं त्या खोलीत येऊन बसली होती. दादा येणार नाही हे ठाऊक असून बसली होती. कुणीतरी आत जायला हवं होतं, मी गेले.’’

दुसऱ्या दिवशी टपरीवर न थांबता मी त्या खोलीत गेलो. पाठ लाजराचा होता. लाजर मरतो, त्याची बहीण मार्था येशूला तोंडावर सांगते की तू वेळेवर असतास तर माझा भाऊ मेला नसता. येशू रडतो आणि मग लाजराला कबरेतून उठवतो. वाचून होताच पुढे बसलेल्या मुलीने विचारले, ‘‘लाजराला उठवलं, मग आमच्या दादाला का नाही?’’

‘‘मला माहीत नाही,’’ मी म्हणालो.

तिने मान हलवली, जणू हेच उत्तर तिला अपेक्षित होते. मागचा एक मुलगा म्हणाला, ‘‘पण उठवणारच होता, तर येशू आधी रडला कशाला?’’ त्यावर तिघे एकदम बोलू लागले. त्याला तेव्हा माहीत नव्हते, असे एकाचे म्हणणे. माहीत असले तरी रडू येतेच, असे त्या मुलीचे. तिची आजी गेली तेव्हा तिच्या बाबांना आले होते. घंटा झाली तरी त्यांचे भांडण मिटले नव्हते. जाता जाता त्या मुलाने दारातून ओरडून सांगितले, पुढच्या रविवारी तुम्हीच या, आपले अर्धे राहिले आहे.