गाडी पायथ्याशी, माणूस माथ्यावर

दिवाळीच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत महाबळेश्वरला जायचे म्हणजे पसरणी घाट चढायचा, पाचगणी ओलांडायची आणि वेण्णा तलावाच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत अडकून पडायचे, हे आता सगळ्यांनी गृहीतच धरले आहे. तलावाच्या काठी कणसे भाजणारे, घोडेवाले, स्ट्रॉबेरीच्या टोपल्या घेऊन उभ्या बायका आणि या सगळ्यांच्या मधून इंजिन चालू ठेवून इंचाइंचाने सरकणाऱ्या मोटारी. दर हंगामात यावर ठरलेले उपाय सुचवले जातात : रस्ता रुंद करा, वाहनतळ वाढवा. शेजारच्या सातारा, जावळी, पाटण भागातील गावे घेऊन नवे महाबळेश्वर वसवण्याचा प्रकल्पही राज्य सरकारने हाती घेतला आहे. माझ्या मते ही दिशाच चुकली आहे. चार माणसांना बसायला एक बाक पुरतो. त्यांची मोटार मात्र रस्त्यावर जागा अडवते, हॉटेलच्या आवारात अडवते आणि प्रत्येक पॉइंटवर पुन्हा अडवते. मर्यादा घालायची तर ती मोटारींवर घालायला हवी.

याचा पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही. माथेरानमध्ये पर्यटकांची मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर. पुढे तांबड्या मातीची वाट, सामान डोक्यावर घेणारे हमाल, घोडे, किंवा अमन लॉजवरून सुटणारी छोटी गाडी. नेरळहून वर येणारी ही रेल्वे १९०७ पासूनची. मोटार वर येत नाही म्हणून माथेरानची हॉटेले ओस पडली असे कोणी म्हणू शकणार नाही. शनिवार-रविवारी तिथेही खोली मिळवताना नाकी नऊ येतात. महाबळेश्वर-पाचगणी २००१ मध्ये आणि माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले. कागदावर महाबळेश्वरला दोन वर्षे आधी संरक्षण मिळाले, तरी संध्याकाळी झाडाखाली निवांत चालायला मिळते ते माथेरानला. मोटारीला वर वाट आहे की नाही, यानेच हा फरक पडला आहे.

मात्र माथेरानच्या व्यवस्थेत एक गोष्ट लाजिरवाणी होती आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. मोटार बंद, म्हणून माणसाने ओढलेली रिक्षा चालू राहिली. चढावर एकजण पुढे ओढतो, मागून दुसरा ढकलतो, आणि आत पर्यटक आरामात बसलेला. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ही पद्धत सहा महिन्यांत थांबवण्याचा आणि रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. फार उशिरा झाले, पण योग्य झाले. वृद्धांनी, गुडघेदुखीने बेजार झालेल्यांनी, अपंगांनी डोंगरावर यायचेच नाही का, या रास्त आक्षेपाचे उत्तरही त्यातच आहे. संख्या मोजून ठेवलेल्या, स्थानिकांच्या मालकीच्या विजेवरच्या गाड्या आणि सदैव सज्ज रुग्णवाहिका, एवढी सोय केली की या मंडळींसाठी शेकडो खासगी मोटारी वर आणाव्या लागत नाहीत.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा. मोटारी अडवल्या तर धंदा बुडेल, ही व्यापाऱ्यांची भीती उटीतही होती. तिथे त्यासाठी बाजारपेठ बंद ठेवली गेली. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला ई-पास सुरू झाला आणि २०२५ च्या उन्हाळी हंगामासाठी निलगिरीत रोज ६ हजार, शनिवार-रविवारी ८ हजार वाहने अशी मर्यादा आली. स्थानिकांची वाहने आणि सार्वजनिक बस त्यातून वगळल्या. हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण मर्यादा घातली की गरीब माणूस आधी बाहेर फेकला जातो, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात गरीब माणूस एसटीने येतो, आणि मोटारींच्या रांगेत त्याचीच एसटी रखडते. धंद्याचे म्हणाल तर सकाळी येऊन चार पॉइंटवर फोटो काढून संध्याकाळी घाट उतरणाऱ्या मोटारीपेक्षा दोन रात्री मुक्काम करणारे कुटुंब खानावळीला, घोडेवाल्याला, वाटाड्याला अधिक देऊन जाते. आपल्याच सातारा जिल्ह्यात कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात आधी नोंदणी करावी लागते, स्थानिक गावांची समिती व्यवस्था पाहते आणि शुल्क घेते. तिथे लोकांनी हे स्वीकारले आहे.

राहिला रस्ता रुंदीकरणाचा आग्रह. २२ जुलै २०२१ च्या त्या पावसात महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. आंबेनळी घाट जागोजागी खचला, आणि त्याच दिवशी घाटाखालच्या महाड तालुक्यात तळीये गावावर दरड आली. तळीयेचा दोष कुठल्या रस्त्यावर टाकण्याचे कारण नाही. पण जिथे एका दिवसात एवढे पाणी पडते, तिथे कडे तासून मार्गिका वाढवणे धोक्याचे आहे, हे समजायला वेगळी समिती कशाला? शिवाय रुंद केलेला घाट त्या गाड्या पुढे वेण्णा तलावाशीच आणून सोडणार. त्यापेक्षा वाई आणि पोलादपूरला वाहनतळ उभारून तिथून दर पंधरा मिनिटांनी एसटीची विजेवर चालणारी बस सोडणे कमी खर्चाचे ठरेल. हॉटेलचे आरक्षण असलेल्यांना आणि स्थानिकांना पास द्यावेत, इतरांसाठी रोजचा आकडा ठरवावा आणि पहिला प्रयोग येत्या दिवाळीच्या सुट्टीतच करावा. त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. २००१ ची अधिसूचना हाताशी आहे.