तोच आणि तसाच

शाळेच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एका गुणाचा एक प्रश्न वर्षानुवर्षे येत आला आहे: समूहदर्शक शब्द लिहा. केळ्यांचा घड, कोथिंबिरीची जुडी, लाकडांची मोळी, पक्ष्यांचा थवा, नाण्यांची चळत, मडक्यांची उतरंड. मुले ही यादी घोकतात, गुण पदरात पाडून घेतात आणि विसरून जातात. मोळीला जुडी का म्हणू नये, असे कोणी विचारत नाही. विचारले असते तर या शब्दांतली खरी मौज हाती लागली असती. हे शब्द नुसते 'पुष्कळ' एवढेच सांगत नाहीत. त्या पुष्कळांशी वागायचे कसे, तेही सांगतात. उतरंडीतले तळचे मडके हवे असेल तर वरची सगळी आधी उतरवावी लागतात. रांगेत जो आधी आला त्याचे काम आधी. माळेत प्रत्येक मणी शेजारच्या मण्याला धरून असतो. ढिगाला मात्र ना क्रम, ना शेजार.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना वाटेल, निदान दिवाळी अंकात तरी या मास्तराने व्याकरण घरी ठेवून यावे. पण यंदा मी ते घेऊन चाललो आहे ते थेट संगणकाच्या दारी. आणि तेथे त्याचे स्वागत मोठ्या आपुलकीने होते, हा माझा अनुभव आहे.

आमच्या कॉलेजात संगणकशास्त्र शिकवणारे एक सहकारी आहेत. मधल्या सुट्टीत चहाला आम्ही शेजारी बसतो. त्यांच्या विषयात 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग' नावाचे प्रकरण आहे. मी एकदा विचारले, "अहो, तुमच्यातला क्लास म्हणजे काय?" ते हसून म्हणाले, "तुमचे सामान्यनाम. आणि ऑब्जेक्ट म्हणजे तुमचे विशेषनाम. 'विद्यार्थी' हा क्लास; पहिल्या बाकावर बसून जांभई देणारा तो ऑब्जेक्ट." इतकी सोपी फोड आम्हां व्याकरणवाल्यांनाही साधत नाही. फरक एवढाच, की क्लासमध्ये वस्तूच्या वर्णनाबरोबर तिची कामेही सांगितलेली असतात. विद्यार्थ्याला नाव आहे, क्रमांक आहे, फी आहे; तसेच फी भरणे आहे, परीक्षेला बसणे आहे. हे सारे 'विद्यार्थी' या क्लासमध्ये एकदा लिहून ठेवले, की त्यावरून हवे तितके विद्यार्थी घडवता येतात.

ही कल्पना आली ऑस्लोहून. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगोर हे दोघे तेथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात काम करीत. रांगा, वाहतूक, कारखान्यातली कामे अशा प्रत्यक्ष व्यवहारांची नक्कल संगणकात करता यावी म्हणून त्यांनी 'सिम्युला' नावाची भाषा रचली. तिच्या १९६७ च्या आवृत्तीत क्लास आणि ऑब्जेक्ट या दोन्ही गोष्टी आजच्या अर्थाने आल्या. २००१ चा ट्यूरिंग पुरस्कार दोघांना मिळून देण्यात आला आणि २००२ साली काही आठवड्यांच्या अंतराने दोघांनीही जगाचा निरोप घेतला.

आता एक विद्यार्थी घडवला; पण कॉलेज काही एका विद्यार्थ्यावर चालत नाही. पुष्कळ ऑब्जेक्ट एकत्र ठेवायचे म्हणजे समूह आला. संगणकवाले त्याला 'कलेक्शन' म्हणतात. अमेरिकेत पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात 'स्मॉलटॉक' ही भाषा तयार केली. तीत समूह हाही एक ऑब्जेक्टच मानला गेला: मोळीसुद्धा एक वस्तू, नुसती लाकडे नव्हेत! पुढे १९९५ साली 'जावा' ही भाषा लोकांपुढे आली आणि १९९८ च्या आवृत्तीत तिला समूहांचा एक नीटनेटका संसार मिळाला. त्यात मुख्य मंडळी तीन: लिस्ट, सेट आणि मॅप. आपण त्यांना यादी, संच आणि कोश म्हणू. यादी क्रम राखते, आणि तीच गोष्ट दोनदा आली तरी कुरकुर करीत नाही. संच दुसऱ्यांदा आलेल्याला आत घेत नाही. कोशात प्रत्येक ऐवजाला एक किल्ली असते. किल्ली सांगा, ऐवज घ्या.

घरातले उदाहरण हवे असेल तर आजीचे विष्णुसहस्रनाम घ्या. त्यात विष्णू, केशव, पद्मनाभ अशी काही नावे पुन्हा आली आहेत. भाष्यकारांनी त्यांचे निरनिराळे अर्थ लावून पुनरुक्तीचा दोष दूर केला आहे. म्हणजे सहस्रनाम ही यादी झाली. तीच नावे संचात ओतली तर हजार भरणार नाहीत. आणि कोशाच्या दृष्टीने पाहिले तर किल्ल्या पुष्कळ, ऐवज मात्र एकच!

पण संच 'दुसऱ्यांदा आलेला' कोणाला म्हणतो? खरी मेख येथे आहे, आणि ती उकलायला मराठीने आपल्याला दोन फार उपयोगी शब्द दिले आहेत: 'तोच' आणि 'तसाच'. दिवाळीत फराळाचा डबा शेजारी जातो आणि चार दिवसांनी परत येतो. गृहिणी तो उलटा करून आधी कोरलेले नाव पाहते. डबा तसाच असतो यात शंका नाही; तोच आहे की नाही, हे पाहायचे असते. जावा भाषेत हे दोन प्रश्न दोन वेगळ्या खुणांनी विचारले जातात. आणि 'तसाच' कशावरून ठरवायचे, हे क्लास लिहिणाऱ्याने सांगितले नाही, तर यंत्र फक्त 'तोच' असेल त्यालाच समान मानते. त्याने सांगितले, तर यंत्र ते निमूटपणे ऐकते. माणसे एक की दोन, हा निवाडा अशा रीतीने चार ओळींत होऊन जातो.

तो निवाडा चुकला म्हणजे काय होते, ते मी पाहिले आहे. मी पूर्वी ज्या कॉलेजात होतो तेथे फीसवलतीची यादी संगणकावर होऊ लागली. ज्याने ती व्यवस्था लिहिली, त्याने कोशाची किल्ली म्हणून विद्यार्थ्याचे नाव आणि आडनाव घेतले. वडिलांचे नाव गाळले. योगायोगाने त्या वर्षी एकाच नावाआडनावाच्या दोन मुलींनी अर्ज केले होते. कोशाचा नियम असा, की त्याच किल्लीवर दुसरा ऐवज ठेवला तर पहिला नाहीसा होतो, आणि त्याबद्दल कोणी हूं की चूं करीत नाही. पहिली मुलगी खिडकीशी गेली तर कारकून म्हणाला, "तुझे नाव आहे की यादीत. पैसे येतील." त्या बिचाऱ्याचे काय चुकले? नाव होतेच! दोन महिने ती वाट पाहत राहिली. शेवटी वर्ग सुटल्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाली, "सर, यादीतले नाव माझेच आहे, पण ती मी नव्हे."

वाक्य ऐकून मी चपापलो. व्याकरणाच्या तासाला विशेषनामाची व्याख्या मी इतकी वर्षे सांगत होतो. त्या व्याख्येच्या फटीतून एक जिवंत मुलगी खाली पडली होती. तेथल्या संगणक विभागातल्या एका शिक्षकांनी अर्ज मोजले, यादीतली नावे मोजली. एक कमी भरले. त्यांनी नावाऐवजी नोंदणी क्रमांकाची किल्ली घातली आणि सारे सुरळीत झाले. सवलत तिला मिळाली; परंतु परीक्षेची फी भरायची मुदत तोवर टळली होती, आणि विलंबशुल्क तिच्याच पदरातून गेले.

ही झाली दोघींची एक होण्याची तऱ्हा. एकाचे दोन होण्याचीही तऱ्हा आहे, आणि तिचे मूळ आपल्या लिपीतच आहे. 'वऱ्हाड' शब्दातला 'ऱ' पाहा. संगणकात जगातल्या लिप्या ज्या युनिकोड पद्धतीने साठवतात, तीत हे अक्षर एका आकड्याने लिहिता येते, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशा दोन आकड्यांनीही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. आकडे ताडून पाहणाऱ्या यंत्राला मात्र ती दोन वेगळी नावे वाटतात. एका कारकुनाने एक तऱ्हा वापरली आणि दुसऱ्याने दुसरी, की त्याच वऱ्हाडेबाईंची संचात दोन माणसे झाली. यावर उपाय आहे: ताडून पाहण्यापूर्वी दोन्ही नावे एकाच रूपात आणायची. पण हे रूप-प्रकरण कोणाच्या तरी ध्यानात यावे लागते, आणि ते मराठी लिहिणाऱ्याखेरीज कोणाच्या यावे?

तिसरी गोष्ट सर्वांत विलक्षण. जावातला नेहमीचा संच, हॅशसेट, आत खण पाडून ठेवतो. वस्तूच्या तपशिलावरून तो एक आकडा काढतो आणि त्या आकड्याच्या खणात वस्तू ठेवतो. शोधताना पुन्हा तसाच आकडा काढून नेमक्या त्याच खणात हात घालतो. म्हणून लाख नावांतून एक काढायला त्याला वेळ लागत नाही. आता समजा, आकडा आणि समानता दोन्ही आडनावावरून ठरवली, आणि नोंद आत असतानाच मुलीचे लग्न होऊन तिचे आडनाव बदलले. नव्या आडनावाने विचारले तर यंत्र नव्या खणात पाहते. तेथे ती नसते. जुन्या आडनावाने विचारले तर खण बरोबर सापडतो, पण नोंदीवर नवे आडनाव असल्यामुळे यंत्र म्हणते, ही ती नव्हे. मोजदाद केली तर संख्येत ती आहे. हाक मारली तर कोठेच नाही. आपल्या समाजात किती बायकांना बँकेत, कचेरीत, प्रमाणपत्रांच्या चळतीसमोर नेमके हेच उत्तर ऐकावे लागले आहे! यंत्राने हा अन्याय शोधून काढलेला नाही. आपली जुनी रीत त्याने शब्दशः पाळली, एवढेच.

म्हणून जाणकार सांगतात, की जे बदलते त्यावर ओळख उभारू नये. नाव, आडनाव, पत्ता, फोन हे सगळे बदलते. न बदलणारा क्रमांक हवा. मात्र तो आतल्या व्यवहारापुरता. माणसाला क्रमांकाने हाक मारायची नसते.

वाचकहो, आपल्यातले किती थोडे जण पुढे प्रोग्रॅम लिहिणार! पण याद्या आपण सगळेच करतो: सोसायटीच्या, मंडळाच्या, लग्नाच्या आमंत्रणांच्या, भाऊबिजेच्या ओवाळणीच्या. यादी पुरी झाली की दोन गोष्टी अवश्य कराव्यात. आलेली माणसे आणि लिहिलेली नावे वेगवेगळी मोजावीत. आणि एखादी व्यक्ती म्हणाली, "नाव माझे आहे, पण ती मी नव्हे," तर "नाव आहे की!" असे उत्तर देऊन खिडकी लावून घेऊ नये.

असो. फराळाचे डबे एव्हाना शेजारी पोहोचले असतील. ते परत आले की उलटे करून पाहायला विसरू नका. दिवाळी सर्वांना सुखाची जावो.