पंप बदलण्याआधी बिघाड शोधा

बोटीच्या न्हाणीघरातले पाणी बाहेर जात नाही, अशी तक्रार घेऊन मालक आला की आपल्यापैकी बरेच कारागीर पेटी न उघडताच सांगून मोकळे होतात, "पंप गेला, नवा टाकावा लागेल." नवा पंप बसतो, बिल मिळते आणि महिन्याभरात तीच तक्रार परत येते. मुंबई, गोवा आणि आखातातील बंदरांत आपल्या कोकणातील अनेक मुले बोटींच्या कामावर आहेत. त्यांच्या रोजीचा हा प्रश्न असल्याने चार शब्द स्पष्ट लिहितो.

घरातील मोरीचे पाणी उताराने वाहून जाते. बोटीत न्हाणीघराची जमीन पुष्कळदा बाहेरील पाण्याच्या पातळीखाली असते. म्हणून ते पाणी आधी एका लहान पेटीत जमते. पेटीत केस अडवणारी जाळी, पाण्याबरोबर वर येणारा फ्लोट स्विच आणि बहुधा १२ व्होल्टचा पंप असतो. फ्लोट वर आला की पंप चालू होतो आणि पाणी नळीतून बोटीच्या कुशीतल्या भोकावाटे समुद्रात जाते. पाणी उलटे येऊ नये म्हणून कित्येक बोटींत नळीला एकमार्गी व्हॉल्व्ह असतो.

बिघाडही याच क्रमाने शोधावा. किनाऱ्यावरून बोटीला २३० व्होल्टची वायर जोडलेली असेल तर ती आधी काढावी. ओल्या हाताने जिवाशी खेळू नये. मग जाळी काढून धुवावी. केस आणि साबणाचा चिकट थर हेच निम्मे दुखणे असते. पंप मुळीच फिरत नसेल तर फ्यूज पाहावा. तो ठीक असेल तर फ्लोट स्विचच्या दोन वायरी क्षणभर एकत्र लावाव्यात. पंप फिरला तर दोष स्विचचा, पंपाचा नव्हे. पंप नुसता गुरगुरत असेल तर पंख्यात काही अडकले आहे का पाहावे. पंप फिरतो पण पाणी जात नसेल तर नळी मुडपली आहे, व्हॉल्व्ह चिकटला आहे किंवा ओढणाऱ्या बाजूने हवा शिरते आहे. पंप थांबतच नसेल तर फ्लोट वरच अडकला आहे.

शेवटी मीटर लावावा, आणि तोही पंप चालू असताना. भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. त्याच वेळी पंपापाशी १० व्होल्टच येत असतील तर वायर बारीक आहे किंवा जोड खाऱ्या हवेने हिरवा पडला आहे. मी स्वतः उमेदवारीच्या काळात एका मालकाला नवा पंप बसवून दिला होता. पंधरा दिवसांत तो पुन्हा मंद झाला. उस्तादांनी वायर सोलून दाखवली, आत तांब्याचा हिरवा भुगा होता. जुना पंप धडधाकट होता. मालकाला पैसे परत करताना मला मान वर करता आली नाही.

असे का होते? कारागीर बेईमान असतो म्हणून नव्हे. दोन तास खपून बिघाड शोधला आणि जाळी धुऊन काम झाले, तर मालक म्हणतो, "यात काय केलेस? कसले पैसे?" पंप विकला तर मात्र नफा सुटतो. म्हणून माझे म्हणणे असे की तपासणीची मजुरी वेगळी ठेवा आणि ती आधीच सांगा. वस्तू लागली तर तिचा दर वेगळा, आणि काढलेला जुना भाग मालकाच्या हाती द्या. गिऱ्हाईक तुटेल अशी भीती काहींना वाटते. दोनचार तुटतीलही, पण ज्याला एकदा खरा बिघाड दाखवला, तो पुढची बोटही तुमच्याकडेच पाठवतो.

हा केवळ पैशाचा मामला नाही. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणारा कारागीर वायरीला आग लावण्याची तयारी करून जातो. न्हाणीघराचे पाणी बोटीच्या तळात सोडून देणारा तर त्याहून मोठा गुन्हा करतो. तळातील पाणी उपसणाऱ्या पंपात केस अडकले, तर बोटीत खरोखर पाणी शिरेल त्या रात्री तो चालणार नाही. बोटीवर माणसे झोपलेली असतात, हे विसरू नये.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा वरचे दाणे कोरडे आणि आतले ओले निघाले. भिजलेला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपले नाते नाही, असे बजावले. आपल्या धंद्यातही पेटीच्या आत काय आहे हे मालकाला दिसत नाही, ते फक्त आपल्याला दिसते. ती अमानत आहे. ती सांभाळणाऱ्याच्या रोजीत अल्लाह बरकत देवो.