थुकरटवाडीची थट्टा

झी मराठीवरील ‘चला हवा येऊ द्या’ हा कार्यक्रम २०१४ सालीं सुरू झाला, २०२४ सालीं थांबला आणि २०२५ सालीं नव्या सूत्रधारासह पुन्हां उभा राहिला. ज्या घरीं तीन पिढ्या एकत्र नांदतात, तेथील दिवाणखान्यांत तो कधीं ना कधीं लागला असेलच. आमच्या येथें, बदलापुरास, मुलें अजूनही त्याचे जुने भाग लावून बसतात. परवां २०१६ सालचा, ‘सैराट’ची मंडळी पाहुणी आली होती तो भाग, पुन्हां पाहण्यांत आला. हंसतां हंसतांच एक शंका मनांत आली, ती वाचकांपुढें ठेवितों.

कार्यक्रमाची घडण सर्वांस ठाऊक आहे. थुकरटवाडी हें एक कल्पित गांव. नवा चित्रपट घेऊन कलावंत तेथें येतात, मानाच्या आसनांवर बसतात, आणि गांवकरी त्यांच्याच चित्रपटाचें विडंबन त्यांच्यासमोर करून दाखवितात. नटसंच गुणी आहे, यांत वाद नाहीं. भाऊ कदम हे आमच्याच वाटेवरील डोंबिवलीचे. चेहऱ्यावरील रेषाही न हलवितां केवळ एक क्षण थांबून हंसें वसूल करणें, ही त्यांची हातोटी थोर नटाची आहे. श्रेया बुगडे यांची नक्कल नुसत्या आवाजाची नसते, ज्याची नक्कल करावयाची त्याच्या स्वभावाचीही असते. सागर कारंडे यांचा पोस्टमन पत्र वाचूं लागला म्हणजे हंसणारे घर गप्प होतें. तीं पत्रें लिहिणारे अरविंद जगताप यांस त्याचें श्रेय. एक मात्र खटकतें. पुरुषानें लुगडें नेसून यावें आणि तेवढ्यानेंच हंसें व्हावें, हें किती वेळां? ज्या महाराष्ट्रांत बालगंधर्वांच्या स्त्रीवेषाकडे लोक आदरानें पाहत, तेथें आतां तो वेष हाच विनोद झाला आहे.

आतां शंका. ज्याची थट्टा व्हावयाची तोच उत्सवमूर्ति, आणि थट्टा संपतांच त्याच्या चित्रपटाची तारीख सांगावयाची. मग हें विडंबन कीं जाहिरात? लग्नांत विहिणीची जी थट्टा होते, तिच्यासारखीच ही आहे. ती मानाचाच एक प्रकार असते आणि त्या थट्टेंत विहिणीचें खरें व्यंग कोणी काढीत नाहीं. ‘सैराट’सारखी सकस कृति असली तर बिघडत नाहीं; पण त्याच आसनावर पुढील आठवड्यांत रद्दी चित्रपट येऊन बसतो आणि त्यासही तीच गुदगुली होते. एकदां असाच एक भाग पाहून आमच्या घरचीं सात माणसें मोठ्या हौसेनें कल्याणास बोलपट पाहून आलीं. त्याचें नांव येथें देत नाहीं. परतीच्या गाडींत अंबरनाथ येईपर्यंत कोणी कोणाशीं बोललें नाहीं.

आपल्याकडे विडंबनाची रीत निराळी होती. १९२५ सालीं ‘केशवकुमार’ या नांवानें आचार्य अत्रे यांनीं ‘झेंडूचीं फुलें’ प्रसिद्ध केलीं, तेव्हां रविकिरण मंडळाच्या कवींस त्यांनीं आधीं आसन देऊन बसविलें नव्हतें. परंतु त्या कवींचीं वृत्तें, त्यांचे लाडके शब्द, त्यांचे उसासे हें सर्व त्यांनीं कसून अभ्यासिलें होतें. म्हणूनच तो वार लागला. पुढें त्याच अत्र्यांनीं ‘श्यामची आई’ काढला आणि त्यास राष्ट्रपतींचें पहिलें सुवर्णपदक मिळालें. याच्या उलट, २०१५ सालीं ‘बदलापूर’ नांवाचा हिंदी चित्रपट निघाला, तेव्हां आमच्या गांवाच्या नांवावर कोट्या करणाऱ्या आप्तांपैकीं किती जणांनीं तो पाहिला होता, कोण जाणे!

खराब चित्रपटाची उघड थट्टा करणारा एक कार्यक्रम अमेरिकेंत १९८८ सालीं मिनिआपोलिस येथें जोएल हॉजसन या विनोदकारानें सुरू केला. एक मनुष्य व दोन यंत्रबाहुल्या पडद्याच्या तळाशीं छायारूपानें बसतात आणि भिकार चित्रपट चालूं असतां त्यावर सतत शेरे मारतात. त्यांतील सर्वांत गाजलेला भाग जानेवारी १९९३ मधील, ‘मानोस’ या चित्रपटावरील. नातवानें तो मला लावून दिला. हा चित्रपट १९६६ सालीं टेक्सासमधील एल पासो येथें हॅरल्ड वॉरेन या खतें विकणाऱ्या गृहस्थानें काढिला. कॅमेरा किल्लीचा, एका दमांत अवघीं ३२ सेकंदें चालणारा. आवाज मागाहून दोनचार माणसांनीं सर्व पात्रांस घातलेले. हा चित्रपट पाहावयास लाविल्याबद्दल कार्यक्रमांतील खलपुरुषही शेवटीं क्षमा मागतात!

मीही पुष्कळ हंसलों. विशेषतः टॉर्गो नांवाच्या सेवकाच्या चालण्यास. तो बोकडाच्या पायांचा दाखवावा अशी मूळ कल्पना. पण चित्रपटांत तें कोठेंच उमगत नाहीं, दिसतात ते फक्त सुजलेले गुडघे. मग कळलें कीं टॉर्गो झालेला जॉन रेनॉल्ड्स या तरुणानें चित्रपट प्रथम झळकण्यापूर्वीं महिनाभर आधींच आत्मघात केला होता. चित्रपटांत काम केलेल्या लहान मुलीस तर पहिल्या खेळाच्या वेळीं आपल्या तोंडीं परक्या बाईचा आवाज ऐकून रडूं कोसळलें होतें. भरतमुनींनीं हास्याचे सहा प्रकार सांगितले, स्मितापासून अतिहसितापर्यंत, आणि ते हंसणाऱ्याच्या योग्यतेप्रमाणें लाविले. ज्यावर हंसावयाचें त्याच्या बळाप्रमाणें नव्हे. मला तर तोही विचार हवासा वाटतो. वॉरेननें चित्रपट काढून लोकांपुढें तिकिट लावून ठेविला. त्यावर हंसण्याचा हक्क तिकिट घेणारास आहे. रेनॉल्ड्सच्या गुडघ्यांवर हंसतांना मात्र माझें हंसें दुसऱ्या वेळीं ओठांवरच राहिलें.

थुकरटवाडींत हा पेंच येतच नाहीं, कारण तेथें दुबळा कोणी आसनावर नसतो आणि सबळास कोणी दुखवीत नाहीं. तरी एक भाग तेथें व्हावा असें फार वाटतें: आसनें रिकामीं, तारीख सांगावयाची नाहीं, पडद्यावर कोट्यवधि रुपये ओतलेला एखादा टाकाऊ मराठी बोलपट अथपासून इतिपर्यंत, आणि खालीं अंधारांत भाऊ कदम व कुशल बद्रिके. बोलपटांची उणीव पडणार नाहीं. अकरा नांवें मीं लिहून ठेविलीं आहेत. संपादक तीं छापतील असें दिसत नाहीं.